चाळीस घरांची फरशी

बुग्नाय,
६ जुलै १९९७

इंदाय नीला, माझ्या धाकट्या बहिणी,

तुझ्यावर आणि तुझ्या धाकट्या भावावर, दोदोंगवर, सान्ता मोनिकेची नजर असू दे. आम्ही सगळे बरे आहोत. कागद नवा घेतलेला नाही, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान आहे, पाठ कोरी होती. नाक मुरडू नकोस.

आज मिस्सा संपल्यावर आपल्या गावप्रमुखाने, काप्तान तेरियोने, सगळ्यांना चॅपेलच्या दारातच थांबवलं आणि एक बातमी सांगितली. गावाला मोठा मान मिळाल्यासारखं सांगत होता. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या बारा मुली ऑगस्टमध्ये फिलिपिन्सला येणार, त्यातले तीन दिवस आपल्याकडे. पहिला दिवस आपल्या शाळेतल्या पोरींना खेळ शिकवायचा, दुसरा दिवस सेवेचा, तिसऱ्या दिवशी सामना आणि नाचगाणी. इथवर ठीक. पाहुणे आले तर कोंबडी कापू, चटया घालू, त्यात काही नवीन नाही.

पण सेवा कसली, तर त्या आपलं बास्केटबॉलचं मैदान रंगवणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत ऑइलपेंट, लाल आणि पांढरा, आणि मधोमध त्यांच्या कॉलेजची खूण, रानरेड्याचं मुंडकं.

इंदाय, तू शहरात गेलीस म्हणून ऑगस्ट महिना विसरली असशील असं मला वाटत नाही. पहिलं पीक निघतं तेव्हा. पावसाचे दिवस, ऊन पडलं तर दोन तास पडतं. तेवढ्यात चाळीस घरांचं ओलं भात पसरायचं, फावड्याने परतायचं, ढग आला की धावत गोळा करायचं. अख्ख्या बुग्नायमध्ये सिमेंटची फरशी तेवढी एकच. खेळ पोरं संध्याकाळी खेळतात. दिवसा ते खळं असतं. ताज्या ऑइलपेंटवर भात पसरता येत नाही, आणि वाळल्यावर फावड्याने रंगाचे पापुद्रे निघून तांदळात जाणार. शिवाय काप्तानने आताच बजावलंय की पाहुण्यांच्या खुणेवर फावडं फिरवायचं नाही, बरं दिसत नाही.

हे सगळं तू नोकरीला आहेस त्याच कॉलेजातून ठरतं, पाहुण्यांचं खातं तूच बघतेस. तेव्हा त्यांना कळव. शाळेच्या भिंती रंगवा म्हणावं. शाळेचा संडास दोन वर्षं पडलेला आहे, तो बांधा म्हणावं. फरशीला हात लावू नका. एवढं केलंस की झालं.

तुझी थोरली बहीण, मानांग
रेमेदियोस

•

इलोइलो शहर,
११ जुलै १९९७

प्रिय मानांग मेडिंग,

तुझं पत्र गावाकडून प्रवासी आणणाऱ्या जीपनीवाल्याने काल दिलं. वाचून आधी हसले, मग घाम फुटला.

मानांग, हे मी ठरवलेलं नाही. तुम्ही मागितलंय. फेब्रुवारीत त्या कॉलेजचे दोन साहेब येऊन गेले ते आठवतात ना? त्यांनी एक छापील कागद ठेवला होता, गावाला काय हवं त्याचा. तो भरून आला, माझ्या फायलीत आहे, आत्ता समोर आहे. ‘खेळाच्या मैदानाची सुधारणा हवी आहे का?’ त्यापुढे हो. ‘रंगकाम चालेल का?’ हो. ‘गावाची काही हरकत?’ नाही. खाली काप्तानची सही, आणि त्याच्या शेजारी चॅपेलच्या महिला मंडळाची चिटणीस म्हणून कुणाची आहे? तुझी. तुझं ते शाळेतलं गोल गोल अक्षर मी अंधारात ओळखीन.

त्या मुली आठ महिने लोकांच्या गाड्या धुताहेत, केक विकताहेत. रंग बोटीवर चढलासुद्धा. आता मी फादर ओनोफ्रेंकडे जाऊन काय सांगू, की आमच्या गावाने सही केली ती उगाच केली? फादर आमचे संचालक आहेत. हा कार्यक्रम त्यांचा लाडका आहे.

आणि संडासाचं म्हणशील तर मी तिकडे विचारून पाहिलं होतं. त्यांच्या वार्षिक पुस्तकात फोटो छापतात. संडासाचा फोटो कोण छापणार, मानांग?

तीन दिवस भात हमरस्त्यावर वाळवा. अर्धा प्रांत वाळवतो. तेवढ्यासाठी माझ्या तोंडाला काळं फासू नका.

मानोंग इसिद्रोंना, माझ्या दाजींना, नमस्कार. सोबत तुझ्यासाठी मेणबत्त्या पाठवते आहे, कॅथेड्रलमधून आशीर्वाद दिलेल्या.

तुझी,
लिओनिला

•

बुग्नाय,
१५ जुलै १९९७

इंदाय,

मेणबत्त्या मिळाल्या. एक लावली, बाकीच्या ठेवल्या.

सही माझी आहे. आधी तेच लिहिते, म्हणजे मी लपवते असं तुला वाटायला नको. आता ती कशी झाली ते ऐक.

ते दोन साहेब माझ्याच घरी जेवले. मी त्यांना कोंबडी वाढली, बांबूत शिजवलेला भात वाढला, उन्हातून आले होते म्हणून शहाळी फोडली. जेवता जेवता त्यांनी विचारलं, मैदान रंगवलं तर तुम्हाला आवडेल का. काप्तान हसला. मी हसले. इसिद्रो म्हणाला, तुम्हाला बरं वाटेल तसं. दुसरं काय म्हणणार होतो? आपल्या ताटावर जेवणाऱ्याला कुणी तोंडावर नको म्हणतं? मग कागद आला इंग्रजीत. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी मीही शिकले आहे, वाचता येतं. काप्तान म्हणाला, साहेबांनी एवढ्या लांबून आणलाय, लिहून टाकू हो, पुढचं पुढे बघू. मी सही केली. चुकलं माझं. गेल्या शुक्रवारी कबुलीजबाबात आमच्या गावच्या फादरांपुढे, पारोकोंपुढे, तेही सांगून टाकलं.

त्या साहेबांवर माझा राग नाही. आपलं हसणं म्हणजे हो नव्हे, हे त्यांना कुठून कळणार? बिचारे घरून शिकून आलेत की हो म्हणजे हो. राग तुझ्यावर आहे. तो कागद तुझ्या टेबलावर आला. तू बुग्नायची. तुझ्या आईचं, माझ्या मावशीचं, भात त्याच फरशीवर वाळलं. माझ्या घरी राहून चार वर्षं हायस्कूलला गेलीस, रोज शाळेतून आलीस की दप्तर टाकून फावडं घ्यायचीस. तीन ओळींत हो, हो आणि हरकत नाही असं दिसल्यावर तुला कळलं नाही की हे आपले लोक पाहुण्यांची मर्जी राखताहेत? कळलं. कळून तू फायलीत लावलंस. तुझ्या खुर्चीत कुणी मनिलाची बाई बसली असती तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

आणि हमरस्त्याचं नाव पुन्हा काढू नकोस. आपले म्हातारे नोंग पास्तोर गेल्या सप्टेंबरात रस्त्यावर भात परतत होते. उसाच्या लॉरीने पाय चिरडला. सहा महिने झोपून होते, आता काठीने चालतात. त्यांच्या बायकोपुढे मी जाऊन सांगू का, की शहरातली नीला म्हणते अर्धा प्रांत तिथेच वाळवतो?

रंग बोटीवर असला तरी भिंतीलाही लागतो. फादरांना सांग.

रेमेदियोस

•

इलोइलो शहर,
२४ जुलै १९९७

प्रिय मानांग,

नोंग पास्तोरांचं मला ठाऊक नव्हतं. कुणी कळवलं नाही. रस्त्याचं जे लिहिलं ते मागे घेते.

बाकीचं मागे घेता येत नाही. तू एवढं मोकळं लिहिलंस, मीही लिहिते. मी इथे सहा वर्षं हंगामी आहे. दर जूनमध्ये माझा कागद नवा होतो, दर मेमध्ये मी झोपत नाही. यंदा फादरांनी कायम करायचं मनावर घेतलंय, ऑगस्टअखेर सही होईल. दोदोंगचं नर्सिंग अजून दोन वर्षं आहे. मी आता त्यांच्यापुढे जाऊन म्हणायचं की माझ्याच गावाने, माझ्याच बहिणीने सही करून शब्द फिरवला? तू घरात बसून राग धरू शकतेस, मानांग. मला तो परवडत नाही.

कृपा करून हे ऐक. मैदान ११ तारखेपर्यंत मोकळं हवं, भाताचा एक दाणा दिसता कामा नये. तुझ्याकडे दोघी उतरतील, टेस आणि मॅलरी. डोक्यासकट मासा वाढू नका, रक्ताचं कालवण तर मुळीच नको, पाणी उकळून द्या. मुली साध्या आहेत म्हणे, चटईवर झोपतील.

रंग दोन दिवसांत सुकतो, त्यांच्या पत्रात लिहिलंय.

तुझी,
लिओनिला

•

बुग्नाय,
३० जुलै १९९७

इंदाय,

पाणी मी नेहमीच उकळते.

दोघींना ठेवून घेते. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. तुझ्या नोकरीचं वाचलं. दोदोंगसाठी रोज जपमाळेचं एक दशक, दहा मणी, म्हणते, तुझ्यासाठीही म्हणेन. तुला फादरांशी बोलता येत नाही हे समजलं, तेव्हा तू बोलू नकोस.

मी बोलते. १२ तारखेच्या संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम आहे, महिला मंडळातर्फे चिटणिसाने दोन शब्द बोलायचे असतात. ते मी त्यांना उद्देशून बोलेन. चारचौघांत उभं राहून मी आजवर रोझरीच्या जपाखेरीज काही बोललेले नाही हे तुला ठाऊक आहे. पण सही माझी होती, तर तोंडही माझंच हवं. लिहिलेलं इंग्रजी मला वाचता येतं, बोलायला जीभ वळत नाही, म्हणून आपल्या बोलीत बोलेन. तू तिथे दुभाषी म्हणून असशीलच. मी सांगेन तेवढंच त्यांना सांग. दोष सगळा माझ्यावर येईल, तुझ्यावर काही येणार नाही.

याचं उत्तर नाही आलं तरी चालेल.

रेमेदियोस

•

बुग्नाय,
१३ ऑगस्ट १९९७, सकाळ

इंदाय,

काल रात्री तू फादरांच्या गाडीतून लगेच निघून गेलीस, भेटायलाही थांबली नाहीस. म्हणून बसल्या बसल्या लिहिते आहे.

मी बोलले ते तू ऐकलंस. चाळीस घरं आहेत आणि फरशी एक आहे. तुमचे हात देवाने बळकट केलेत, ते आम्हाला द्या, शाळेच्या भिंतीला द्या. पण ही फरशी तेवढी तशीच राहू द्या, आमचं वर्षाचं अन्न तिच्यावर वाळतं. रागाने बोलले नाही. हात जोडून बोलले. मग तू इंग्रजीत सांगितलंस. मला सगळं नाही कळलं, पण चाळीस घरं कळलं, हात कळलं, फरशी कळलं. आणि त्या बाराही जणी उठून टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांची कोचबाई डोळे पुसत होती. मी घरी येऊन मूर्तीपुढे गुडघे टेकले. इसिद्रोला म्हटलं, बघ, नुसतं सांगायचा उशीर होता.

आज सकाळी सहाला त्या बादल्या घेऊन मैदानावर हजर.

मी चॅपेलच्या पायरीवरून बघत होते. दोऱ्या ताणल्या, कडेने चिकटपट्टी लावली, आणि लाल रंग ओतला. आपली पोरं त्यांना ब्रश उचलून देताहेत. काप्तान फोटो काढून घेतोय. इंदाय, त्या माणसांना काय म्हणायचं? ऐकलं नसतं तर वेगळं. ऐकून, टाळ्या वाजवून, रडून, रात्रभर माझ्या चटईवर झोपून सकाळी उठून तेच करायचं? नोंग पास्तोर काठी टेकत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मेडिंग, तू काल बोललीस म्हणून मी भात कापून आणलं गं. वाटलं, फरशी मिळाली.” त्यांनीच नव्हे, निम्म्या गावाने काल रात्री तेच ठरवलं आणि पहाटे उरलेलं कापलं.

सकाळी त्या दोघींना न्याहारी वाढली. त्यातली टेस हसून काहीतरी म्हणाली. मी ताट ठेवलं आणि वळले. पाहुण्याला पाठ दाखवली, आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच दिवशी, दुपार

पुढचं लिहायचं आहे म्हणून पत्र बंद केलं नव्हतं.

ती टेस दहाच्या सुमारास पाणी प्यायला घरी आली. आमच्या नऊ पोत्यांना तिसरा दिवस होता, ओलीच घरात रचलेली, दार उघडलं की उबट वास येतो. ती थांबली. नाकाने हुंगलं. मला न विचारता सरळ आत गेली, पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. तिचा बाप शेतकरी आहे म्हणे, मक्याचा. हात बाहेर काढून तिने माझं मनगट धरलं आणि माझाही हात आत घातला, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. भात तापलं होतं, इंदाय. चुलीवरून उतरवलेल्या हंडीसारखं. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

मग तिने हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, हे बाहेर का नाही वाळवलं. मी तिच्या बुटांवरच्या लाल रंगाकडे बोट दाखवलं. ती बुटांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलं का नाही. तेव्हा मला एवढा संताप आला की जीभ वळली. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, “सांगितलं. मी सांगितलं. काल. शंभर माणसांत.”

आणि ती मुलगी म्हणाली, “पण काल तुम्ही म्हणालात की या फरशीकडे बघून तुम्ही रोज आमच्यासाठी प्रार्थना कराल.”

इंदाय, मी असं काही म्हणाले नव्हते.

ती धावत मैदानावर गेली. मी मागून गेले. तिथे तिची आणि त्यांच्या कोचबाईची बरीच बोलाचाली झाली. एक जण ब्रश फेकून रडायला लागली. आठ महिने गाड्या धुतल्या त्या कशासाठी, असं म्हणत होती, हे आपल्या शाळेच्या मास्तरणीने सांगितलं. कोचबाई आपल्या वहीतून मला वाचून दाखवायला लागली, काल मी बोलले म्हणून जे लिहून घेतलं होतं ते. मी मान हलवत गेले, नाही, नाही, नाही. पाहुण्यांच्या तोंडावर चार वेळा नाही म्हटलं. पाचव्यांदा सोपं गेलं.

काम थांबलंय. अर्धी फरशी लाल आहे, ओली. अर्धी तशीच. आत्ता मुली चिकटपट्ट्या काढताहेत आणि काप्तान घरात जाऊन बसलाय.

मला एवढंच सांग. काल तू काय सांगितलंस?

रेमेदियोस

•

इलोइलो शहर,
१९ ऑगस्ट १९९७

मानांग,

चार वेळा पत्र लिहायला बसले. हे पाचवं.

मी सांगितलं ते असं. ‘या बाई म्हणतात, चाळीस घरांच्या वतीने तुमचे आभार. देवाने बळकट केलेले तुमचे हात तुम्ही आम्हाला दिलेत. ही फरशी पाहिली की त्यांना रोज तुमची आठवण येईल आणि त्या तुमच्यासाठी प्रार्थना करतील.’ तुला थोडं इंग्रजी कळतं म्हणून चाळीस घरं, हात, फरशी हे शब्द मुद्दाम तिथल्या तिथे ठेवले. बोलताना ते मला सुचत गेलं याचीच आता भीती वाटते.

तुझं ३० जुलैचं पत्र मिळालं होतं. दहा दिवस माझ्या पर्समध्ये होतं. तू काय बोलणार हे मला ठाऊक होतं, आणि मी त्याचं काय करणार हे मी ठरवलेलं नव्हतं. हे खरं आहे, मान किंवा मानू नकोस. मग तू उभी राहिलीस, तो निळा झगा घालून, हात जोडून, आणि फादर माझ्याशेजारी वाकून म्हणाले, ‘चांगलं सांग हं, नीला.’ त्यांना आपली बोली कळते. ते मनापासून हसत होते. मला वाटलं, नोकरी. पण नुसतं तेवढंच नव्हतं, आता खोटं कशाला लिहू. मला तुझी लाज वाटली. एवढ्या लांबून आलेल्या, छान कपड्यांतल्या, उंच मुली, आणि आमच्याकडून काय, तर ओलं भात. दप्तर टाकून फावडं घेणारी ती पोर मीच होते, हे त्यांना कळू नये असं वाटलं.

त्या गावाहून शहरात परत आल्या तेव्हा कोचबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, गडबडीत चूक झाली. त्यांनी आपली वही मिटली आणि निघून गेल्या. फादरांनी अहवाल मला टंकायला दिला. त्यात आहे की गावाने ऐनवेळी विचार बदलला आणि पाहुण्यांनी मोठ्या मनाने सामना सोडून शेतकऱ्यांना मदत केली. मी तोही टंकला, मानांग. जसाच्या तसा. सोबत पोती वाहणाऱ्या मुलींचे फोटो. फादरांना ते फोटो फार आवडलेत.

काल मला कायम केलं. फादर म्हणाले, नीलाने अवघड प्रसंग सांभाळून घेतला.

तुझं किती भात गेलं? कुणाकडून कळत नाही. जीपनीवाला माझ्याशी बोलत नाही.

नीला

•

बुग्नाय,
२४ ऑगस्ट १९९७

इंदाय,

विचारलंस म्हणून सांगते. आमच्या नऊ पोत्यांतली तीन कोंबड्यांना घातली. नोंग पास्तोरांची पाचातली दोन गेली, ती त्यांनी कुणाला दाखवली नाहीत, त्यांच्या बायकोने सांगितलं. बाकी घरांचं थोडंफार तसंच. उरलेलं अर्ध्या फरशीवर पाळीपाळीने वाळवलं. शेवटच्या दिवशी त्या मुलींनी पोती वाहिली हे खरं. वाहायला चांगल्या. फावडं मात्र एकीलाही धरता येईना, टेस सोडून. जाताना ती माझ्या गळ्यात पडली आणि क्षमा मागितली. जिने करायचं तिने केलं नाही, आणि जिचा दोष नाही ती रडते, मला ते बघवेना.

नोकरी कायम झाली, बरं झालं. तू ती सोडावीस असं मी म्हणत नाही. दोदोंग शिकू दे. तू कदाचित वाट बघत असशील की मानांग लिहील, झालं गेलं विसरू. ते मी लिहिणार नाही. कबुलीजबाबात मी तुझं नाव घेऊन राग आल्याचं सांगितलं. आमच्या पारोकोने प्रायश्चित्त म्हणून तीन हेल मेरी प्रार्थना दिल्या, मी म्हटल्या, राग तसाच आहे.

भात गेलं त्याचा नाही. भात पुढच्या वर्षी येईल. इंदाय, मी पन्नास वर्षांची झाले. उभ्या जन्मात एकदा उठून चार माणसांत माझ्या मनातलं बोलले. ते तू माझ्या तोंडातून काढून घेतलंस आणि त्या जागी दुसरं ठेवलंस, तेही माझ्याच आवाजात, देवाचं नाव घालून. ती अख्खी सकाळ मी त्या निरपराध पोरींना खोटारड्या समजत होते. गाव अजून मला विचारतं, मेडिंग, तू खरंच काय म्हणाली होतीस? ज्यांनी माझं बोलणं आपल्या कानांनी आपल्या बोलीत ऐकलं, तेही विचारतात. टाळ्यांचा आवाज एवढा मोठा होता.

तेव्हा पत्रातली क्षमा मला नको. ३१ तारखेला नव्या तांदळाची मिस्सा आहे. सगळे असतील, तेच सगळे. ये. मिस्सा झाल्यावर चॅपेलच्या दारात उभी राहा आणि त्या रात्री मी काय बोलले होते आणि तू काय सांगितलंस ते दोन्ही सांग. आपल्या बोलीत. मी मध्ये बोलणार नाही. कुणी हसलं, कुणी थुंकलं तर ते तुझं तू बघायचं.

मग घरी जेवायला ये. ये किंवा नको, ताट मी मांडणार आहे.

मानांग

•

इलोइलो शहर,
२९ ऑगस्ट १९९७

मानांग,

रविवारी पहाटेच्या जीपनीने येते.

इथे खोलीचं दार लावून म्हणून बघते आहे. त्या संध्याकाळी इंग्रजीत ते एका दमात झालं होतं, श्वाससुद्धा घेतला नव्हता. आपल्या बोलीत ‘माझ्या बहिणीने तुम्हाला सांगितलं होतं’ एवढं म्हणते आणि पुढचं येत नाही. पुन्हा सुरुवात करते. आज सोळा वेळा झालं. सोळाव्यांदा ‘फरशी’पर्यंत पोचले.

तू पुढे उभी राहू नकोस. तू दिसलीस तर मी थांबेन. आणि थांबले तर मला सोडवायला येऊ नकोस.

नीला